फळीवरचे म्हात्रे

आमच्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी साचतात. एक शेजाऱ्यांच्या वाट्या आणि दुसरी किस्से. दोन्हींचं कारण एकच. आमच्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत. वाटीतून लोणचं आलं, तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवंच, अगदी चिमूटभर साखर तरी. आणि ते काहीतरी सुचेपर्यंत वाटी आमच्याच फळीवर! किस्स्यांचंही तसंच. कुणीतरी येऊन एक सांगून जातं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नसतं, कारण मी मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे लग्न होऊन भुसावळहून अंबरनाथला आल्यापासून मी नुसती घेतच सुटलेय.

नव्या सुनेनं गप्प असावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ती मी इतकी मनापासून पुरी केली, की लोक माझ्यासमोर फ्रिजसमोर बोलावं तसं बोलायला लागले. हे सगळे किस्से त्या फ्रिजमध्ये साठलेले आहेत असं समजा.

* * *

पहिला मात्र मी स्वतःच घडवला.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. सुधीर, म्हणजे माझा नवरा, आनंदनगरच्या एमआयडीसीत कामाला. त्याला भल्या सकाळी डबा लागतो. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं आणि रोजचा डबा खरकटाच पडला होता. वर बघितलं, तर सगळ्यात उंच फळीवर एक तीन पुडाचा स्टीलचा डबा. चकचकीत! स्टुलावर चढले, काढला, भरला. झाकणावर नाव घातलं होतं, 'बा. म्हात्रे'. आमचं आडनाव जाधव. मी म्हटलं, असेल कुणाचा तरी. या घरात निम्मी भांडी दुसऱ्यांचीच आहेत.

सुधीर बूट घालत होता. बाबा, म्हणजे माझे सासरे, पेपर वाचत होते. त्यांची नजर पिशवीकडे गेली आणि पेपर हळूहळू खाली आला.

ते उठले. पिशवीतून डबा काढला. एकेक पूड उघडून पोळ्या, भाजी, लोणचं ताटात उपडं केलं. पिण्याच्या कळशीतलं पाणी घेऊन डबा धुतला. घरात आंघोळीला पाणी नव्हतं, आणि यांनी डबा धुतला! पंच्याने पुसला. मग स्वतः स्टुलावर चढून तो जागच्या जागी ठेवला, नावाची बाजू भिंतीकडे करून. म्हाताऱ्या माणसाला स्टुलावर बघूनही "बाबा, जपून" म्हणायचीसुद्धा हिंमत होईना. सासूबाई पोळपाटावर हात ठेवून तशाच उभ्या. सुधीरचा एक पाय बुटात, एक बाहेर.

बाबा खाली उतरले आणि सुधीरला म्हणाले, "आज वडापाव खा."

आणि पेपर परत वर गेला!

* * *

बाबा फेरी मारायला गेल्यावर मी आईंना, म्हणजे सासूबाईंना विचारलं, "कुणाचा डबा आहे तो?"

"म्हात्रेंचा."

"मग परत करून टाकू या ना."

"रिकामा कसा देणार?"

"भरून देऊ."

"भरून द्यायला बोलणं नको का चालू?" आई म्हणाल्या. "किती वर्षं झाली, हे एकमेकांशी बोलत नाहीत. रिकामा देता येत नाही, भरून देववत नाही. म्हणून म्हात्रे फळीवर. दर दिवाळीला मी आंघोळ घालते त्यांना."

मग त्या बोलत राहिल्या, मी पीठ मळत राहिले.

बाबा, म्हात्रे आणि हशू हे तिघे अंबरनाथ-बदलापूरच्या वाटेवरच्या एका रंगाच्या फॅक्टरीत एकाच खात्यात होते. रंग म्हणजे कापड रंगवायचे. पावडर अंगात इतकी मुरायची, की आज कुठला रंग चाललाय ते बायकांना सकाळी उशीच्या अभ्र्यावरून कळायचं! म्हात्रे बदलापूरच्या मांजर्लीचे, मूळचे शेतकरी. हशू उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला सिंधी.

बाबा कामाला लागले त्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पिंपांच्या मागे एकटेच बसले. गावाकडच्या सवयीने. आपण बौद्ध, आधी आपण आपलं लांब बसावं, म्हणजे कुणी उठवायला नको. खात्यातले लोक तसे सभ्य. जाता जाता डब्यात डोकावायचे, "वा जाधव, छान आहे हं" म्हणायचे आणि चार हात पलीकडे जाऊन बसायचे. एकाने म्हटलं, दुसऱ्याने म्हटलं. सगळ्यांनाच छान वाटलं, खाल्लं कुणीच नाही.

मग म्हात्रे आले. ओळख नाही, पाळख नाही. पिवळ्याधमक हातांनी बाबांचा डबा पुढे ओढला, अर्धी भाकरी तोडली, पिठल्यात बुडवून तोंडात घातली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "मीठ नाय काय रं तुझे घरान?"

"हे रात्री आले आणि मला सांगायला लागले," आई म्हणाल्या. "मी तेव्हा नवी नवरी, तुझ्यासारखी. मी रडायलाच लागले, की माझं पिठलं अळणी झालं. आणि हे हसतायत! इतके हसतायत, की मला अजूनच रडू आलं."

दुसऱ्या दिवसापासून पद्धत पडली. बाबांनी म्हात्रेंचा डबा खायचा, म्हात्रेंनी बाबांचा. रिकामा झालेला डबा ज्याने खाल्ला त्याने घरी न्यायचा आणि उद्या आपल्या घरून भरून आणायचा. म्हणजे रिकामं भांडं परत करायचा प्रश्नच नाही! हशूची बायको सकाळी उठत नसे. तो रोज नुसते पापड आणायचा आणि दोघांच्यात जेवायचा. आणि नियम एकच. डब्याला नावं ठेवायची. तिखट, आंबट, करपलंय, काहीही. "छान आहे" म्हणायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"छान आहे, असं परक्याला म्हणतात," आई सहज म्हणाल्या.

माझा हात पिठातच थांबला. लग्न झाल्यापासून बाबा रोज जेवून उठताना माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलायचे. मी ते भुसावळला माझ्या आईला पत्रात लिहूनही कळवलं होतं, अभिमानाने.

"छान आहे!"

* * *

गेटवरचा किस्सा मला तिघांकडून ऐकायला मिळाला. आईंकडून, सुधीरकडून आणि नंतर हशूकाकांकडून. तिघांच्या सांगण्यात बाकी सगळं बदलतं, डबा बदलत नाही.

फॅक्टरीत संप झाला. बाबा युनियनचे, सगळ्यात पुढे. कामगार गेटसमोर ताडपत्री टाकून बसायचे. डबे तिथेही चालूच. संप लांबत गेला, आणि मॅनेजमेंटने नोटीस लावली, जो आत येणार नाही त्याचं नाव कायमचं कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हात्रे आले. ताडपत्रीवर बसले नाहीत. सरळ गेटकडे चालायला लागले.

बाबा आडवे आले. मागे सगळे कामगार, पुढे पोलीस.

"म्हात्रे, आत गेलास तर परत आपल्यात नाहीस."

म्हात्रे म्हणाले, "ही फॅक्टरी माझे बापाचे शेतान उभी हाय, जाधव. जमीन घेतली तवा ही नोकरी दिली. तुमची नोकरी गेली त दुसरी मिलंल. माझी गेली त जमीन पन गेली नि नोकरी पन गेली. मी माझे शेतान जातंय. मना कोनाची परवानगी लागतं?"

बाबांना बाजूला होणं शक्य नव्हतं. मागे एवढी माणसं त्यांच्या शब्दावर बसलेली. हशूकाका सांगतात, "सूनबाई, मी बघत होतो. दोघेही बरोबर! अशी फाईट मी जिंदगीत बघितली नाही. दोघेही बरोबर, मग सोडवणार कुणाला?"

बाबांची नजर खाली गेली. म्हात्रेंच्या हातात बाबांचा डबा होता. काल घरी नेलेला. म्हात्रेंच्या बायकोने भरून दिलेला. आणि बाबांच्या बाजूला ताडपत्रीवर म्हात्रेंचा, आईंनी भरून दिलेला.

"शेतात जातोयस ना, जा," बाबा म्हणाले. "माझा डबा कशाला घेऊन चाललास?"

म्हात्रेंनी डब्याकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. आणि डबा घेऊन आत गेले!

* * *

संप मोडला. बाबांना परत घेतलं नाही. उलट गेटवर कामगारांना अडवलं, धमकावलं म्हणून त्यांच्यावर केस केली. कंपनीचा मुख्य साक्षीदार कोण? म्हात्रे!

ठाण्याच्या कोर्टात, खोलीबाहेरच्या व्हरांड्यात एकच बाकडं. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला म्हात्रे, मध्ये हशू.

"हशू, जाधवला सांग, पंखा जरा वाढीव. बटन त्याचे बाजूला हाय."

"हशू, त्याला सांग, पंखा सरकारचा आहे."

"हशू, त्याला सांग, सरकारचा हाय म्हनूनच बोलतंय."

हशूकाका म्हणतात, "मी उठलो आणि पंखा बंद केला. म्हटलं, दोघेही मरा गरमीत!"

मग पुकारा झाला. म्हात्रे पिंजऱ्यात उभे राहिले. ते एक वाक्य बोलले असते, 'हो, यांनी मला अडवलं', तर बाबा कामातून गेलेच होते. आई त्या दिवशी घरी देवळात बसावं तशा दाराशी बसून होत्या. आम्हाला देव नाहीत, पण दार आहे.

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "त्या दिवशी गेटवर काय झालं?"

"मना काय आठवत नाय."

"तुम्हाला कुणी अडवलं?"

"आठवत नाय."

वकील घामाघूम. "बरं, ते समोर बसलेत, त्यांना तरी ओळखता ना?"

म्हात्रेंनी बाबांकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, "नाय. या मानसाला मी कधी बघलाच नाय."

केस तिथेच बसली. बाबा सुटले. हशूने कोर्टाबाहेर पेढे घेतले, पण खायला कुणी थांबलंच नाही. म्हात्रे एका दिशेला, बाबा दुसऱ्या.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "अहो, तुमच्यासाठीच खोटं बोलले ते."

बाबांचा चेहरा लालबुंद. "'जाधवने मला मारलं' म्हणाला असता, तरी चाललं असतं! इतकी वर्षं माझ्या डब्यात जेवला आणि ओळखत नाही म्हणाला?"

गेटवरचा राग कदाचित गेला असता. हा नाही गेला.

* * *

माझ्या लग्नात एक गंमत झाली, ती मला लग्नानंतर कळली.

आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात, नावासकट. समाज मंदिराच्या दाराशी, चपलांच्या ढिगापाशी एक उंच म्हातारा बराच वेळ उभा होता म्हणे. आत आला नाही. मंगल परिणय झाला, लोकांनी फुलं टाकली, तशी त्यानेही लांबूनच टाकली. ती चपलांवर पडली. मग माइकवाल्या पोराकडे त्याने एक गोण दिली आणि सांगितलं, "नाव घेव नको." पोराला वाटलं, हेच नाव सांगायचंय. त्याने माइकवर पुकारलं, "नाव घेऊ नको यांच्याकडून तांदूळ एक गोण!"

मंडपात हशा. बाबा हसले नाहीत. मान वळवून त्यांनी दाराकडे बघितलं, तोपर्यंत दारात नुसत्या चपला.

पुढे घरात तो तांदूळ शिजला. पातेल्याचं झाकण काढलं आणि सगळ्या खोलीत घमघमाट! बाबांनी पहिला घास घेतला. आई आणि मी ओट्याशी, हलायला तयार नाही.

"कुठला हा तांदूळ?"

"रेशनचा," आई म्हणाल्या.

बाबांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग ताट पुढे केलं. "वाढ अजून. आजकाल सरकार सुधारलंय."

* * *

त्याच वर्षी पावसाळ्यात उल्हास नदी चढली. मांजर्ली नदीलगत, तिथे पाणी शिरलं. रेडिओवर सांगितलं तेव्हा बाबा दाढी करत होते. अर्धी झाली होती. उरलेली तशीच पुसून त्यांनी छत्री घेतली.

"कुठे निघालात?" आई.

"भाजी आणतो."

भर पुरात भाजी! पिशवी न घेता! सुधीर मागे जायला निघाला, तर आईंनी त्याला हाताने अडवलं.

सकाळ गेली, दुपार गेली. आईंनी तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा ओतून दिला. रेडिओवर गाड्या बंद, रस्ते बंद. मला त्या एवढंच म्हणाल्या, "पोहता येत नाही त्यांना."

दिवेलागणीला बाबा आले. कमरेपर्यंत चिखल, एक चप्पल नाही, छत्रीच्या काड्या उलट्या. दारातच म्हणाले, "त्या बाजूची घरं उंचावर आहेत. पहिल्या पायरीला पाणी लागलंय फक्त."

कुणी विचारलं नव्हतं.

आईंनी डोळ्यांना पदर लावला, मग सावरून म्हणाल्या, "भाजी?"

बाबा म्हणाले, "महाग होती."

* * *

हशूकाकांचं उल्हासनगरला दुकान आहे. जीन्सच्या चेन, बटणं आणि लेबलं विकतात. कुठल्याही देशाचं लेबल मिळतं. दिवाळीच्या आधी आई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. चहा आला, पापड आले. माझ्या हातात एक जीन्सची पँट ठेवून ते म्हणाले, "सूनबाई, मुंहदिखाई! फॉरेनची आहे. मागच्या गल्लीत शिवली."

मग एकदम गंभीर झाले. "भाभी, म्हात्रे जाणार. दिवाळीनंतर मुलाकडे, उरणला. मांजर्लीचं घर बंद करतोय. पुराने घाबरलीत पोरं."

आईंनी कप खाली ठेवला.

"मी दोघांना शंभर वेळा बोललो, भेटा. हा बोलतो त्याने यावं, तो बोलतो त्याने बोलवावं. आता नाही भेटले, तर डायरेक्ट मयतीला भेटतील. आणि तिथे पण एक जण बोलणार नाही!"

असं म्हणून ते स्वतःच हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले.

ठरलं असं. हशूकाका पुढच्या रविवारी सूनबाईच्या हातचं जेवायला येणार. बरोबर 'एक माणूस' असेल. कोण, ते सांगायचं नाही.

आईंनी घरी बाबांना तसंच सांगितलं. "हशूभाऊ येतायत. बरोबर एक माणूस आहे."

बाबांनी विचारलं नाही, कोण. चार-पाच दिवस विचारलं नाही. जेवायचे, पाणी प्यायचे, कपाळ पुसायचे आणि मला म्हणायचे, "छान आहे."

* * *

रविवारी सकाळी मी उठले तर बाबा ओट्यापाशी उभे. फळीवरचा डबा खाली काढलेला. त्यांनी तो स्वतः धुतला, पुसला, तिन्ही पुडं एकमेकांवर बसवली, कडी लावली.

"तो आला की हा देऊन टाकायचा," म्हणाले. "रिकामा."

आई वळल्या. "अहो, शत्रूलासुद्धा रिकामं भांडं देत नाही आपण. साखर तरी—"

"रिकामा म्हटलं ना."

बाहेर निघून गेले. आमच्याकडे रिकामा डबा परत करणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुन्हा आमच्या घरून तुझ्या घरी काही जाणार नाही आणि तुझ्याकडून काही येणार नाही.

मी स्वयंपाक केला. भरली वांगी, आमच्या भुसावळच्या काळ्या मसाल्याची. आई भाताला लागल्या. डबा ओट्यावर तसाच. कढईतली वांगी तयार झाली. मी डब्याकडे बघितलं, वांग्यांकडे बघितलं. मग कडी काढली आणि तिन्ही पुडं भरली. लावताना झाकण दोनदा वाजलं.

आई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तांदूळ निवडत, न वळता म्हणाल्या, "मी काही बघितलेलं नाही."

बारा वाजता दार वाजलं. हशूकाका पुढे, हातात पापडांचं पुडकं. मागे तो उंच म्हातारा. धुतलेला पांढरा सदरा, आणि हातात तीन पुडाचा डबा. झाकणावर नाव, 'शां. जाधव'.

"जय भीम, जाधव," म्हात्रे म्हणाले.

"जय भीम. या," बाबा म्हणाले. 'ये' नाही म्हणाले.

म्हात्रेंचा चेहरा तिथेच उतरला. बसले, पण अंग चोरून, पाहुण्यासारखे. हशूकाकांनी काही न सुचून सवयीने जमिनीवर पेपर अंथरला, फॅक्टरीत अंथरायचे तसा. तिघे तीन बाजूंना. मध्ये म्हात्रेंनी आणलेला बाबांचा डबा. कुणी उघडेना. हशूकाकांनी एक पापड तोडला. त्या शांततेत तो फटाक्यासारखा वाजला. त्यांनी घाबरून चावायचं थांबवलं.

"दिवाळीनंतर उरणला जातोय हा," ते तोंडात पापड तसाच ठेवून म्हणाले.

"ऐकलं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "सूनबाई, त्यांचा डबा आण."

मी आणला. आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. सुधीर खिडकीशी. बाबांनी हात पुढे केला, रिकामा डबा घ्यायला करतात तसा सैल. कडी धरली आणि मनगट खाली गेलं.

त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे. या घरात आल्यापासून इतका वेळ ते माझ्याकडे कधी बघत राहिले नव्हते. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. आता ओरडतील, आता ओततील.

बाबांनी डबा म्हात्रेंसमोर ठेवला.

म्हात्रेंनी तो नुसता बोटाने जरा ढकलून बघितला. जड लागला. मग कडी काढली. झाकण उघडलं. एक वांगं उचललं, अख्खं तोंडात घातलं. चावले. कान लाल झाले. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. हशूकाकांनी तांब्या पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. गिळलं.

"कोनी केलीत वांगी?"

"मी," मी म्हटलं. मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

"वांगी घातलीस, का मिरच्यांची गोन रिकामी केलीस गो पोरी?"

आईंनी पदर तोंडात धरला. मी बाबांकडे बघितलं.

"रोजच करते," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. घसा जळून गेलाय माझा."

हशूकाकांचा पापड अजून तोंडातच होता.

मग बाबांनी मधला डबा ओढला, आपला. झाकण उघडलं. वरच्या पुडात तांदळाची भाकरी, खाली वालाचं बिरडं. अर्धी भाकरी तोडली, बिरड्यात बुडवली, तोंडात घातली. चावत राहिले. म्हात्रे पेपरावरच्या कुठल्यातरी जुन्या जाहिरातीकडे बघत होते, वाचता येत नसल्यासारखे.

बाबांनी घास गिळला. तोंड वाकडं केलं.

"काय रे म्हात्रे," ते म्हणाले, "मीठ नाही का तुझ्या घरात?"